जुनी दुनळी घेताना नळ्यांचे बूड वाचा

महोदय,

ग्वाल्हेरच्या बंदुकीच्या दुकानांत अधूनमधून जुनी विलायती दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, पडत्या भावात मिळते. भाव पडण्याचे कारण कायद्यात आहे. लायसन्सदार वारला की शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे बंदूक ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या दुकानात जमा करावी लागते, आणि मुलांना ती बहुधा नकोच असते. 2019 च्या दुरुस्तीने माणशी तीनऐवजी दोन बंदुकांची मर्यादा घातली, तेव्हा तिसरीही घराबाहेर निघाली. घेणारा मात्र अक्रोडाचा दस्ता आणि नक्षीकाम पाहून पैसे मोजतो. दस्ता नवा करून घेता येतो, नळ्या नाही.

म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आधी पुढचे लाकूड उतरवावे, नळ्या सुट्या करून उलट्या धराव्यात आणि बुडाशी, म्हणजे मागच्या टोकाशी, असलेले तपासणीचे शिक्के भिंगाने वाचावेत. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर मुकुटाखाली ‘एनपी’ ही अक्षरे हवीत; 1904 पासून ती दिसतात. नळी बिनधुराच्या दारूवर तपासल्याची ती खूण आहे. बेल्जियमच्या नळीवर लंबगोलातले ‘ईएलजी’ पुरेसे नाही, सिंहाखाली ‘पीव्ही’ पाहिजे. अशी खूण नसलेली नळी काळ्या दारूचीच समजावी आणि आजचे काडतूस तिच्यात घालू नये. डमास्कस नळीबाबत तर दुप्पट सावध राहावे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, वेटोळे घालून ठोकताना सांध्यांत मळी राहून जाते. तिथे धरलेला गंज बाहेरून दिसत नाही.

सर्वांत जास्त चूक होते ती चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, लांबीत. जुन्या 12 बोअरचे चेंबर बहुधा अडीच इंचाचे, म्हणजे 65 मिमीचे. आज सर्रास मिळणारे काडतूस 70 मिमीचे. ते आत बिनअडथळा बसते, कारण 70 हे माप उडाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाचे आहे. उडताना तोंडाची घडी उलगडून चेंबरपुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. चार बार निर्धोक गेले म्हणून लोक निर्धास्त होतात. बिजागरी मात्र ढिली होत जाते. 1925 पूर्वीच्या इंग्लिश नळीवर पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात ‘12 सी’ असते. त्यावरून चेंबर 3 इंचांहून कमी, एवढेच कळते. अडीच की पावणेतीन, हे मापाचे गेज आत घालूनच ठरते.

सुट्या नळ्या बुडाखालच्या हुकापाशी बोटावर टांगून लाकडी पेन्सिलीने हलकेच ठोकाव्यात. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाक शाबूत आहे. बद्द आवाज म्हणजे तो कुठेतरी सुटलाय. मग ट्यूबलाइटकडे धरून आतून पाहावे. पोचा काढता येतो, पण फुगवटा दिसला की बंदूक परत ठेवावी. आरशासारखी चकचकीत नळीही मापल्याशिवाय घेऊ नये, कारण खड्डे घासून काढताना धातूही जातो. भिंत कुठेही 0.020 इंच, म्हणजे अर्ध्या मिमीहून पातळ नसावी.

शेवटी नळ्या परत बसवून, नळ्यांचे बूड आणि समोरचा सपाट भाग यांच्यामध्ये पातळ कागद धरून बंदूक बंद करावी. कागद सहज ओढला गेला तर बिजागरीचा खिळा झिजला आहे. हे दुरुस्त होते. तेवढे पैसे भावातून वजा करून घ्यावेत. चाप तपासताना डमी काडतूस घालावे, नाहीतर आतली पिन तुटू शकते.

नळी, बॉडी आणि पुढचे लाकूड यांवरचा नंबर एकच हवा आणि तोच दुकानाच्या रजिस्टरातही हवा. ‘शंभर वर्षांची आहे, लायसन्स कशाला’ हे ऐकून कोणी फसू नये. कलम 45 ची सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशाच जुन्या बंदुकीला आहे.

शहरातील दुकानदारांना विनंती, की किमतीच्या चिठ्ठीवर चेंबरची लांबी, शिक्का आणि बुडापासून 9 इंचांवरचे नळीचे आतले माप लिहावे.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर