जुने गिअरबॉक्स भंगारात देऊ नका

संपादक महोदय,

ॲम्बॅसडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. आमच्या ओसरीवर वडिलांच्या ॲम्बॅसडरचा गिअरबॉक्स महिनाभर गोणपाटावर उघडा होता. दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज येई. पितळी सिंक्रो रिंगच्या आतल्या बारीक रेषा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. या रेषा तेलाचा थर कापतात, तेव्हाच रिंग गिअरच्या शंकूला धरते आणि दोन्हींचा वेग जुळतो. तशी रिंग शेवटी धुळ्याच्या भंगारात मिळाली, हातोडा पडण्याच्या आधी. (सुटे भाग पत्नीने लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत ठेवले, म्हणून एकही बारीक रोलर हरवला नाही.)

खानदेशातल्या गॅरेजवाल्यांना कळकळीची विनंती आहे: असे गिअरबॉक्स वितळवायला न देता जवळच्या आयटीआयला द्या. मुलांना ते हाताने उघडू द्या, फिरवू द्या.

— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर