वॉलिंगफर्डच्या घराविषयी

रीडिंग (इंग्लंड),
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना मंजिरीचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर वॉलिंगफर्डच्या घराचा विषय निघाला, तेव्हा आईने किंमत विचारली, खोल्या विचारल्या, जवळ वाणसामान मिळते का तेही विचारले. बाबांनी मात्र एकच विचारले, की घराचे जोते पुराच्या पातळीच्या किती वर आहे. त्या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र. साठेखत अजून झालेले नाही. इथे दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या प्रतींची अदलाबदल होईपर्यंत घेणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला केव्हाही माघार घेता येते, त्यामुळे तुमचे मत विचारण्याला अजून अर्थ आहे.

वॉलिंगफर्ड हे ऑक्सफर्डशायरमधले थेम्सकाठचे लहानसे बाजाराचे गाव आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस आल्फ्रेड राजाच्या काळात डेन लोकांच्या स्वाऱ्यांपासून बचाव म्हणून ते वसवले गेले. तीन बाजूंना मातीचा तट आणि चौथ्या बाजूला नदी अशी त्याची रचना होती, आणि तो तट आजही जागोजागी उभा असून त्याच्या आतल्या मोकळ्या हिरवळीवर मुले खेळतात. १०६६ मध्ये इंग्लंड जिंकायला आलेल्या नॉर्मंडीच्या विल्यमने लंडनकडे जाताना नदी ओलांडली ती इथेच. ११५५ मध्ये गावाला राजाची सनद मिळाली. पुढे सतराव्या शतकात राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात इथला किल्ला राजाच्या बाजूने जवळजवळ शेवटपर्यंत लढला आणि तो पुन्हा कोणाच्या कामी येऊ नये म्हणून १६५२ मध्ये पाडून टाकण्यात आला. आता गवताच्या टेकाडावर भिंतींचे काही तुकडे तेवढे उरले आहेत. आपल्याकडचे पाडलेले गड पाहिलेल्या माणसाला ते दृश्य अनोळखी वाटत नाही.

मात्र बाबा, गावाविषयीचे माझे मत बनले ते किल्ल्यावरून नव्हे, पुलावरून. वॉलिंगफर्डचा दगडी पूल सुमारे ९०० फूट लांब आहे. त्याच्या काही कमानी तेराव्या शतकापासूनच्या आहेत असे मानतात, आणि १८०९ च्या पुरात ढासळलेला भाग नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा बांधलेला आहे. उन्हाळ्यात त्यावर उभे राहिले तर नदीचे पात्र त्यातल्या मोजक्या कमानींखाली मावते आणि उरलेल्या सगळ्या कमानी पूर्वेकडच्या कोरड्या कुरणावर उभ्या दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा निव्वळ उधळेपणा वाटावा. हिवाळ्यात ते कुरण पाण्याखाली जाते तेव्हा त्याच कमानींतून पाणी वाहू लागते आणि मग कळते, की नदीची खरी रुंदी ९०० फूट आहे आणि ती बांधणाऱ्यांना ठाऊक होती. जुने गाव पश्चिमेकडे, वाळू-खड्यांच्या उंच पट्टीवर आहे. पूर्वेचे सखल कुरण त्यांनी गुरांना आणि पुराला सोडून दिले. थेम्सकाठी नवे घर घेणाऱ्याने माहितीपत्रकातली छायाचित्रे पाहण्याआधी हा पूल पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. पुलाच्या पलीकडे, क्रोमार्शमध्ये, हाउबेरी पार्क नावाचे आवार आहे. जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र बनवले तो याच परिसरात शेती करत होता (आपली तिफण त्याच्या पाहण्यात आली असती तर त्याचे कष्ट वाचले असते, पण तो विषय वेगळा). १९५१ पासून त्या आवारात इंग्लंडची जलसंशोधन संस्था आहे, आणि तिचे पहिले संचालक होते सर क्लॉड इंग्लिस, म्हणजे खडकवासल्याच्या आपल्या संशोधन केंद्राचे पूर्वीचे संचालक. मुंबई इलाख्यातल्या कालव्यांवर आणि नद्यांवर आयुष्याची ऐन वर्षे घालवलेला हा माणूस १९४७ मध्ये इकडच्या संस्थेचा संचालक झाला आणि नदीची छोटी प्रतिकृती करून पाण्याचे वागणे अभ्यासण्याची पद्धत त्याने इथे उभी केली. तुम्ही ज्या केंद्रात नोकरी केलीत त्याचा धागा थेट या गावापर्यंत येतो हे कळल्यावर अमित म्हणाला, "आता बाबांना नाही म्हणता येणार नाही." मी त्याला सांगितले, की तू बाबांना ओळखत नाहीस.

तुम्ही दोघांनी १२ जुलै १९६१ पाहिलेला आहे. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि काही तासांत पेठाच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हे ज्यांनी अनुभवले त्यांना नदीकाठ या शब्दाचा धसका बसला तर नवल नाही. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा तुम्ही मला पाठवलेली छायाचित्रे अजून माझ्याजवळ आहेत. थेम्सचा स्वभाव मात्र निराळा आहे. वॉलिंगफर्डच्या वर मुठेवर आहे तसे मोठे धरण नाही. बंधारे आणि होड्यांसाठीची जलद्वारे आहेत. पाऊस वर्षभर विभागून पडतो, नदीचा उतार मंद आहे, त्यामुळे पाणी तासांत नव्हे तर दिवसांत चढते, दूरध्वनीवर इशारा येतो आणि नदीची पातळी कोणालाही घरबसल्या पाहता येते. पण जसे सावकाश चढते तसेच सावकाश उतरते. मार्च १९४७ मध्ये बर्फ वितळून आणि वर पाऊस पडून आलेला पूर या नदीकाठची गावे अजून मोजमाप म्हणून वापरतात, आणि २०१४ च्या हिवाळ्यात तर कुरणे आठवडेच्या आठवडे पाण्यात होती.

आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इथे रेषांऐवजी विभाग आहेत. नदीच्या पुराची शक्यता दर वर्षी एक टक्का किंवा त्याहून जास्त असेल ती जमीन तिसऱ्या विभागात. एक टक्का ते हजारात एक यांच्या मधली दुसऱ्या विभागात. आणि हजारात एकाहूनही कमी असेल ती पहिल्या विभागात. (आई, शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त, असा नाही. दर वर्षी तेवढीच शक्यता नव्याने असते.) आपली लाल रेषा जिथे संपते तिथे इथला तिसरा विभाग संपतो, पण त्यापुढच्या जमिनीचीही चौकशी होते, आणि घरे बांधायची तर आधी पहिल्या विभागात जागा नाही हे दाखवावे लागते. हवामानबदलामुळे पाणी आणखी किती वाढेल तेही हिशेबात धरावे लागते.

आम्ही पाहिलेल्या योजनेत दोन प्रकारची घरे आहेत. पुढची रांग नदीकडे तोंड करून आहे. सज्जातून हंस दिसतात, समोरून वल्हवणारे जातात, आणि दुसऱ्या विभागात असल्यामुळे तळमजल्यावर फक्त वाहने ठेवण्याची सोय करून राहत्या खोल्या वर चढवल्या आहेत. कागदावर सगळे नियमात आहे. तरीही माझे मन तिथे बसले नाही, कारण घर कोरडे राहिले तरी रस्ता कोरडा राहील असे नाही, आणि वर बसून पाणी ओसरण्याची वाट पाहणे हे तुमच्या वयाच्या माणसांच्या नशिबी येऊ नये. मागची रांग पहिल्या विभागात, जुन्या गावाच्याच खड्यांच्या पट्टीवर आहे. तिथून नदी दिसत नाही. दिसते ते मधले कुरण, ज्यावर बांधकाम करणार नाही असे परवानगीच्या अटींतच लिहिलेले आहे. बाबा, तुमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे या घराचे जोते पुराच्या अपेक्षित पातळीपेक्षा साडेतीन मीटर उंच आहे, आणि त्या पातळीत हवामानबदलाची वाढ धरलेली आहे. विक्री दालनातल्या तरुणाने मला तीन वेळा विचारले, की नदी न दिसणारे घर तुम्हाला खरेच हवे आहे का.

विम्याच्या बाबतीतही हाच निर्णय योग्य ठरतो. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून इथे २०१६ पासून 'फ्लड री' नावाची योजना चालू आहे आणि ती २०३९ पर्यंत चालायची आहे. पण १ जानेवारी २००९ पासून पुढे बांधलेल्या घरांना ती लागू नाही, कारण पूरक्षेत्रात नवी घरे बांधायला त्यातून उत्तेजन मिळू नये. म्हणजे शेजारच्या दोनशे वर्षांच्या घराला जी सवलत मिळते ती नदीकाठच्या नव्या सदनिकेला मिळत नाही. ही गोष्ट माहितीपत्रकात कुठेही नाही. ती आमच्या सॉलिसिटरबाईंनी सांगितली.

नदीखेरीज दुसरे पाणी जमिनीखालचे. या परिसरातले डोंगर खडूच्या दगडाचे आहेत, आणि सलग ओल्या हिवाळ्यांत तो दगड पाणी पिऊन भरला की सखल जागी जमिनीतून पाणी वर येते, नदी शांत असली तरी. त्यासाठीचा भूजलाचा अहवाल मी वेगळा मागवला आहे.

घर कसे दिसते हे आईसाठी. नवे असले तरी लाल विटांचे, उतरत्या कौलांचे आणि काही भिंतींत गारगोटीचे दगड बसवलेले आहे, कारण जुन्या गावाचा मोठा भाग संरक्षित असल्याने त्याच्या शेजारी काय उभे राहावे, यावर नियोजन विभाग बारीक लक्ष ठेवतो. काहींना ही नक्कल वाटते. मला तर ती काचेच्या ठोकळ्यापेक्षा बरी वाटते, पण विटांच्या आत दुहेरी काचा आणि जाड उष्णतारोधक थर आहेत म्हणूनच. आधी आम्हाला खरोखरच जुने घर घ्यायची हौस होती. तशी घरे आत जाऊन पाहिली: तुळया इतक्या खाली की अमितला वाकून चालावे लागे, जिने शिडीसारखे, आणि घर संरक्षित यादीत असल्यामुळे खिडकी बदलायलाही परवानगी लागे. नव्या घरांत १९९९ पासून प्रवेशाच्या मजल्यावर शौचालय असणे बंधनकारक आहे आणि उंबरठाही सपाट ठेवावा लागतो. बाबांच्या गुडघ्यांचा विचार केला तर हा नियम मला थेम्सपेक्षाही आकर्षक वाटला. खालची छोटी खोली तुम्हा दोघांची असेल.

त्रास नाहीतच असे नाही. घराची जमीन आपल्या मालकीची असली तरी आवारातले रस्ते, कुरण आणि पावसाचे पाणी अडवणारे तळे यांची देखभाल नगरपालिका घेणार नाही; एक खाजगी कंपनी करील आणि दर वर्षी वर्गणी घेईल. ही वर्गणी किती वाढू शकते यावर करारात मर्यादा असावी अशी दुरुस्ती आम्ही मागितली आहे. रेल्वेचे मुख्य स्थानक चोल्सीला आहे, गावात नाही. आणि नदीत पोहण्याविषयी आई जे म्हणाली ते बरोबरच आहे: मोठा पाऊस झाला की मैलामिश्रित पाणी नदीत सोडले जाते, ही इंग्लंडभरची नाचक्की आहे. वॉलिंगफर्डचा काठ २०२४ मध्ये अधिकृत पोहण्याची जागा म्हणून जाहीर झाल्यामुळे उन्हाळ्यात तिथले पाणी तपासले जाते, एवढाच दिलासा. ईराला मी तलावातच पोहायला पाठवणार आहे.

या पत्रासोबत तीन कागद पाठवत आहे: पूरविभागांचा नकाशा, योजनेचा पातळ्यांसहित आराखडा आणि पावसाच्या पाण्याच्या तळ्याचा हिशेब. पहिल्या दोनांविषयी मला फारशी शंका नाही. तिसऱ्यात मात्र तळे भरल्यावर जादा पाणी ज्या नळातून कुरणाकडे जाते, त्या नळाचे तोंड नदी चढलेली असताना बंद पडणार नाही ना, हे मला कळत नाही. बाबा, तुम्ही तेवढे पान नीट पाहा आणि कागदावर पेन्सिलीने लिहून दादाकरवी त्याचे छायाचित्र पाठवा. साठेखताची तारीख ठरवण्याआधी आमच्या सॉलिसिटरबाई बिल्डरला लेखी प्रश्न पाठवणार आहेत, आणि तुमचा प्रश्न मला त्यांत घालायचा आहे.

तुमची,
मंजिरी