तक्रार : मुलांच्या बंक बेडचा (दुमजली पलंगाचा) अपुरा कठडा, सुटणारे सांधे आणि बोर्डाचा उग्र वास

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

बिलाची प्रत आणि मोजपट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. "वास जाईल, हलत असेल तर स्क्रू आवळून घ्या" एवढे सांगून आपल्या सेवा केंद्राने आमची तक्रार परस्पर बंद केली. ती पुन्हा उघडावी.

सर्वांत गंभीर बाब कठड्याची. वरच्या फळीपासून कठडा ३०० मिमी उंच आहे आणि माहितीपत्रकात तोच आकडा ठळक छापला आहे. पण मूल फळीवर नव्हे, गादीवर झोपते. आपणच पलंगासोबत विकलेली गादी २०० मिमी जाड आहे, म्हणजे कठडा उरतो फक्त १०० मिमी. युरोपच्या ईएन ७४७ मानकानुसार तो गादीच्या वर किमान १६० मिमी हवा. अमेरिकेच्या नियमानुसार ५ इंच, म्हणजे १२७ मिमी. गादी जास्तीत जास्त किती जाड चालेल याची खूणही पलंगावर कुठे नाही.

भिंतीकडच्या बाजूला तर कठडाच दिलेला नाही. "तिकडे भिंत आहेच की," असे आपल्या फिटरने सांगितले. पलंग भिंतीपासून चार बोटे सरकला, की त्या फटीत झोपेतल्या मुलाचे धड उतरते आणि डोके वर अडकते. शिडीजवळचा खांब आणि कठडा यांच्यातली ११० मिमीची फट याच कारणाने घातक आहे.

आडव्या पाट्या खांबाला जोडण्यासाठी प्रत्येक टोकाला फक्त दोन मिनिफिक्स (आट्यांची पिन आणि ती ओढून धरणारी फिरती गोल कडी) आहेत, तेही १८ मिमी पार्टिकल बोर्डात. कपाटाच्या फळ्या ओढून धरायला मिनिफिक्स ठीक आहे. मुले शिडी चढता-उतरताना बसणारे हिसके सोसणे हे त्याचे काम नाही. या बोर्डात लाकडाचे सलग धागे नसतात, रेझिनने, म्हणजे डिंकासारख्या रसायनाने, चिकटवलेला भुसा असतो. हिसक्यांनी पिनच्या आट्यांभोवतीचा भुसा सुटतो, भोक मोठे होते, मग कितीही आवळले तरी पकड येत नाही. शिडीकडच्या सांध्यात हेच झाले आहे : पाटी हाताने ओढली की ४ मिमी फट पडते आणि भुसा गळतो. इथे आरपार एम८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट आणि बॅरल नट (लाकडात आडवा बसणारा दंडगोल नट) हवा होता. वरची फळी दोन तुकड्यांत असून जोडाखाली आडवा टेकू नाही. पाटी बाहेर सरकली, तर फळी आधारपट्टीवरून निसटून खाली झोपलेल्या मुलावर पडेल.

आता वासाबद्दल. रंगातल्या सॉल्व्हंटचा वास काही आठवड्यांत उडतो, हे खरे. पण डोळे चुरचुरायला लावणारा हा वास फॉर्मल्डिहाइड या वायूचा असण्याची दाट शक्यता आहे. अशा बोर्डात सहसा वापरले जाणारे युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन उष्णतेने आणि दमटपणाने विघटित होते, त्यामुळे तो वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. कोकणातल्या पावसाळ्यात, बंद खिडक्यांच्या खोलीत तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. लॅमिनेट आणि एज बँडने (कडांवर चिकटवायच्या पट्टीने) वायू बराच अडतो, पण आपण दिसणाऱ्या कडाच झाकल्या आहेत. वरच्या फळीची खालची बाजू पूर्ण उघडी आहे, आणि खालच्या मुलाचे तोंड रात्रभर तिच्याकडेच असते. बोर्डावर ई१ (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारी श्रेणी) किंवा अन्य कुठल्याही श्रेणीचा शिक्का नाही.

आमच्या मागण्या अशा : पलंग आपल्या खर्चाने परत न्यावा व गादीसह पूर्ण रक्कम द्यावी. नुसते स्क्रू बदलून किंवा भोकात फेविकॉल भरून दिलेली दुरुस्ती स्वीकारणार नाही. या मॉडेलच्या बोर्डाचा फॉर्मल्डिहाइड चाचणी अहवाल, शिडीच्या रंगातील शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असल्याचा अहवाल आणि बंक बेडसाठीच्या आयएस १७६३६ या भारतीय मानकाचे प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत पाठवावी. हेच मॉडेल घेतलेल्या इतर घरांनाही वरचा मजला वापरू नका, असे आपण आजच कळवावे. त्यासाठी आमच्या तक्रारीचा निकाल लागण्याची वाट पाहू नये.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागू.

आपले,
बिलधारक ग्राहक, चिपळूण