प्रयोगशाळेतल्या मामांना

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या प्रोजेक्ट रिपोर्टात मी आभाराचं पान लिहिलं होतं. त्यात प्राचार्य, विभागप्रमुख, मार्गदर्शक सर अशी सगळी नावं होती आणि शेवटी 'तसेच सर्व शिक्षकेतर कर्मचारी' असे चार शब्द. त्या चार शब्दांत तुम्हाला बसवलं. ते पान मला वर्षभर टोचत होतं, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

एम.एस्सी.चं दुसरं वर्ष मी जर्मनीत, ग्योटिंगेनला काढलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गेले. व्हिसा, कागदपत्रं, अंकपत्रांच्या प्रती हा सगळा व्याप तुम्ही पाहिलाच आहे. शिष्यवृत्ती नसती, तर वर्षाच्या खर्चाचे ११,२०८ युरो आधीच बँकेत अडकवून दाखवावे लागले असते. म्हणजे जवळजवळ दहा लाख रुपये. आमच्या घरात तो आकडा कुणी मोठ्याने उच्चारलासुद्धा नसता.

ग्योटिंगेन हे लहानसं, विद्यापीठाभोवती वाढलेलं गाव आहे. पूर्वी कोणत्या घरात कोण राहिलं, हे सांगणाऱ्या पाट्या गावभर घरांच्या भिंतींवर लावलेल्या आहेत. आपल्या प्रयोगशाळेतल्या बर्नरवाल्या रसायनशास्त्रज्ञ बुन्सेनचा जन्म या गावातला, १८११चा. बर्नर त्याने पुढे हायडेलबर्गला असताना तयार करून घेतला. स्फोटात त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. वोलर या रसायनशास्त्रज्ञाचा पुतळाही तिथेच आहे. १८२८ मध्ये अमोनियम सायनेटपासून त्याने युरिया बनवला आणि सजीवांच्या शरीरातला पदार्थ बाटलीत तयार होऊ शकतो हे दाखवलं. तोच युरिया, ज्याची पोती खांद्यावरून शेतात नेल्याचं तुम्ही सांगायचात. त्या पुतळ्यापाशी उभी असताना मला तुमचीच आठवण आली.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की पुस्तकात मी बाकीच्यांच्या मागे आहे. त्यांनी जी उपकरणं रोज हाताळली होती, ती मी फक्त आकृतीत पाहिली होती. भाषेची अडचण होतीच. पण हात मागे नव्हते. ब्युरेटचा, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडणाऱ्या मापाच्या नळीचा, कॉक डाव्या हाताने धरायचा आणि उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचं, शेवटचा थेंब काचेला टेकवून घ्यायचा, मेनिस्कस, म्हणजे नळीतल्या द्रवाचा वरचा वक्र काठ, डोळ्याच्या रेषेत आणायचा. हे शिकवायला सरांना वेळ कुठे होता? एका बॅचला साठ मुलं. ते तुम्ही शिकवलंत, मागून येऊन, हळूच. "पोरी, हात हलका ठेव. काचेला राग येतो."

डिसेंबरमधली एक संध्याकाळ सांगते. चार वाजताच अंधार पडला होता. कंडेन्सर (वाफ थंड करणारी काचेची नळी) आणि फ्लास्कचा सांधा घट्ट अडकून बसला होता आणि आतला पदार्थ तीन आठवड्यांच्या मेहनतीचा होता. एकजण जोर लावून पिळायला निघाला. मी त्याला थांबवलं. फ्लास्कमध्ये पेट घेणारं काही नाही याची खात्री केली, गरम पाण्यात पिळलेलं फडकं फक्त बाहेरच्या काचेभोवती गुंडाळलं आणि लाकडी मुठीने हलकेच टिचक्या मारल्या. बाहेरची काच आधी तापते, प्रसरण पावते, आतली तशीच राहते. सांधा सुटला. गाइडनी विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, मामांकडे. त्यांना वाटलं, आईचा भाऊ रसायनशास्त्रज्ञ आहे. मग मी समजावून सांगितलं की आमच्याकडे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या माणसाला विद्यार्थी मामाच म्हणतात. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तुमच्या शिक्षणाबद्दल विचारलं. मी सांगितलं, दहावी.

तुमची खरी शाळा तुमच्या वडिलांची कल्हईची भट्टी होती, हेही सांगितलं. सॉल्ट अ‍ॅनालिसिसला, म्हणजे दिलेला क्षार ओळखायच्या प्रयोगाला, आम्ही सूत्रं पाठ करत बसायचो आणि तुम्ही बाटलीकडे बोट दाखवून म्हणायचात: हे मोरचूद, द्राक्षावर फवारतात ते. हा हिराकस. हा टाकणखार. हा नवसागर, बाबा तापल्या भांड्यावर टाकायचे, की पांढरा धूर उठायचा. जर्मनीत ज्येष्ठमधाची काळी, खारट गोळी मिळते. झाल्मियाक म्हणतात तिला. पहिली गोळी तोंडात घातली आणि चवीवरून शंका आली, म्हणून पाकीट वाचलं. अमोनियम क्लोराइड! झाल्मियाक म्हणजे आपला नवसागरच. त्या रात्री घरची इतकी आठवण आली की झोपच लागली नाही.

आता जे लिहिते आहे, ते लिहिताना त्रास होतो. तिथल्या प्रयोगशाळेत हवा नीट ओढली जात नसेल, तर फ्युम हूड, म्हणजे विषारी वाफा ओढून घेणारं कपाट, स्वतःच भोंगा वाजवतं. क्लोरीन-ब्रोमीन असलेल्या टाकाऊ सॉल्व्हंटचा (द्रावकाचा) कॅन वेगळा, बाकीच्यांचा वेगळा. डोळ्यांच्या सुरक्षेच्या चष्म्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. सुरक्षेचं प्रशिक्षण दरवर्षी, सगळ्यांना. तिथे तुमच्यासारखं काम करणारी माणसं साडेतीन वर्षांचं रीतसर शिक्षण घेऊन येतात आणि प्रबंधात त्यांचे आभार नावानिशी मानले जातात. आणि तुम्ही? इतकी वर्षं किप्स अ‍ॅपरेटसमध्ये, हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करायच्या त्या काचेच्या उपकरणात, फेरस सल्फाइड भरत आलात. सडक्या अंड्याचा तो वास आम्हाला आठवड्यातून एक दुपार, तुम्हाला रोज. नायट्रिक अ‍ॅसिडने पिवळी आणि सिल्व्हर नायट्रेटने काळी पडलेली तुमची बोटं आम्ही तीन वर्षं पाहिली. या माणसाला हातमोजे का देत नाहीत, असं आमच्यापैकी एकानेही कुणाला विचारलं नाही. मीही नाही. काच फुटली तर आमचं डिपॉझिट कापलं जायचं, त्याचा हिशोब मात्र चोख होता. माझी फुटलेली दोन पिपेटं तुम्ही जुन्या फुटक्या मालात दाखवलीत, कारण त्या महिन्यात माझ्याकडे खरोखर पैसे नव्हते. ते मी विसरलेले नाही.

प्रबंधाचं आभाराचं पान लिहायला बसले, तेव्हा लक्षात आलं की मला तुमचं पूर्ण नाव माहीत नाही. मैत्रिणीला फोन करून विचारलं. मामा, मला माफ करा. तुमचं नाव आता त्या पानावर सगळ्यात वर आहे, गाइडच्याही आधी, आणि गाइडना ते मान्य आहे. इथेही छापू का विचारलं, तर तुम्ही "राहू दे गं" म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

दिवाळीत येते आहे. प्रबंधाची एक प्रत तुमच्यासाठी बांधून घेतली आहे. दोन चष्मे घेतलेत, तुमच्या नंबरच्या चष्म्यावरून बसतील असे. हातमोज्यांचं माप तेवढं कळत नाही. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने रेघ ओढा आणि फोटो पाठवा. उजव्या हाताचा.

तुमची,
२०२२च्या बॅचची, नऊ नंबरच्या टेबलावरची