आजी घरी यायच्या आधी

चि. अमेयास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी आजीला डिस्चार्ज मिळेल. मी येईपर्यंतचे पंधरा दिवस तू आणि नर्सिंग ब्युरोची मावशी, दोघांनाच सांभाळायचे आहेत. खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणून येणारा-जाणारा खुब्याचीच चौकशी करेल. तुझं लक्ष मात्र आजीचं पोट, पाणी, झोप आणि रात्रीचं बाथरूम यांवर असू दे. या वयात घोटाळा बहुतेक तिथेच होतो.

आधी पलंग बघ. कडेला बसल्यावर तिची पावलं जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे खुब्यापेक्षा जरा खाली राहिले पाहिजेत. दिवाण बुटका असेल तर पायांखाली खोबण असलेले लाकडी ठोकळे लाव. गादीवर गादी चढवू नकोस. कडेला बसलं की ती दबते आणि माणूस पुढे घसरतं. कमोडचंही तेच. सर्जिकलच्या दुकानात कमोडवर बसवायची चार इंच उंच सीट मिळते, ती बुधवारीच आणून बसव.

उंचीचा एवढा आग्रह अशासाठी, की खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकला, पायावर पाय गेला किंवा पंजा आत वळला तर बसवलेला कृत्रिम गोळा खुब्याच्या वाटीतून निसटू शकतो. आजीच्या भाषेत सांगायचं तर पाट बंद, मांडी बंद, खाली पडलेली जपमाळ वाकून उचलणं बंद. देवघरातली निरांजन-उदबत्ती टेबलावर मांडून ठेव, नाहीतर तुझी पाठ वळताच ती खाली बसायला बघेल. कुशीवर झोपवताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी हवीच. हे पथ्य किती आठवडे पाळायचं ते सर्जनना विचारून घे. ऑपरेशन मागच्या बाजूनं केलं की पुढच्या, त्यावर ते ठरतं.

वॉकर घरी आला की लगेच तिच्या हाती देऊ नकोस. तिला ताठ उभी कर, हात सैल सोडायला सांग. मनगटाची घडी जिथे येते तिथे वॉकरची मूठ हवी. चारही पायांची बटणं एकाच क्रमांकाच्या भोकात ‘टक’ करून बसलीत का, ते बोटानं दाबून बघ. एक पाय एक भोक खाली राहिला तरी वॉकर डुगडुगतो, आणि आजी म्हणणार, मलाच चक्कर येते. खालचे रबरी बूट उलटे करून पाहा. गोल नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल तर ओल्या फरशीवर ते साबणासारखे सरकतात. नवे बूट घ्यायला काटकसर नको.

उठताना ती वॉकर धरून स्वतःला ओढायला बघेल. तसं केलं की वॉकर अंगावर उलटतो. हात पलंगावर टेकवून आधी उभं राहायचं, मग मूठ धरायची. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. तू ऑपरेशनच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. काखेत हात घालून उचलू नकोस. कमरेला रुंद पट्टा बांध आणि तो धर.

रात्रीचं बाथरूम हा सगळ्यात नाजूक मामला. झोपेतून एकदम उभं राहिलं की रक्तदाब पडतो. आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवायचं, पावलं दहा वेळा वर-खाली करून घ्यायची, मगच उठवायचं. पहिल्या आठवड्यात एकदा झोपलेली असताना आणि मग उभी केल्यावर एक व तीन मिनिटांनी बीपी मोज. वरचा आकडा २०नं किंवा त्याहून जास्त उतरला तर डॉक्टरांना कळव. बीपीच्या गोळ्या कमी कराव्या लागतील का ते त्यांना ठरवू दे. पलंग ते बाथरूम छोटा दिवा रात्रभर चालू हवा. पायपुसणी सगळी उचल. आतून कडी लावू देऊ नकोस. साडीऐवजी घोट्याच्या वर राहील असा गाऊन आणि मागे पट्टा असलेली चप्पल. यावर कुरकुर होईल, होऊ दे.

लघवीला उठायला नको म्हणून ती पाणी प्यायचं टाळेल. तिला हृदयाचं किंवा किडनीचं पथ्य दिलेलं नाही, तेव्हा दिवसाला दीड लिटरच्या आसपास जाऊ दे, पण बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत. पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग आणि गोंधळ, तिन्ही एकामागून एक येतात. दुखण्यावर ट्रॅमाडॉल दिलं असेल तर पोट आणखी घट्ट होतं. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय दिलं तर तेच आतड्यात अडकून बसतं, त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून पोट साफ करणारं लॅक्ट्युलोजचं औषध बरं. दोन दिवस पोट साफ झालं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नकोस.

आजी एका दिवसात बदललेली वाटली तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नकोस. संध्याकाळी तुला मामाच्या नावानं हाक मारली, भिंतीवर कोणी दिसतंय म्हणाली, किंवा उलट दिवसभर गुंगीत पडून राहिली, तर त्याला कारण असतं: संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, रक्तातलं सोडियम उतरणं किंवा नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. सर्दीसाठी दुकानातली गोळी आणू नकोस. तिच्यातल्या क्लोरफेनिरामिननं म्हातारी माणसं भरकटतात, लघवी अडते, आणि वर पॅरासिटामॉल दुप्पट जातं. दुखण्यासाठी लिहून दिलेली ६५० ची पॅरासिटामॉल सहा तासांच्या अंतरानं, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे तोवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या दुखण्याच्या गोळ्या घरातसुद्धा नकोत. थायरॉइडची गोळी पहाटे रिकाम्या पोटी, चहा अर्ध्या-एक तासानं, आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी. दोन्ही एकदम दिल्या तर थायरॉइडची वाया जाते.

जेवण पूर्ण बसवून दे आणि नंतर अर्धा तास बसवूनच ठेव. गुंगीत असेल तेव्हा भरवू नकोस. जखम भरायला आणि स्नायू टिकायला प्रथिनं लागतात. तिच्या ५० किलोला दिवसाला ६० ग्रॅम तरी. पातळ वरणाच्या एका वाटीनं भागत नाही. दोन अंडी, दोन पेले दूध, ५० ग्रॅम पनीर, दोन वाट्या घट्ट वरण आणि वाटीभर दही धरलं तर ५० च्या वर जातं, बाकीचं पोळीतून.

ती पडून असताना दिवसा दर दोन तासांनी तिची कूस बदल, अंतर रात्रीही फार वाढू देऊ नकोस. एअरबेड आणला तरी हे चुकत नाही. वर ओढताना फरफटवू नकोस, खाली आडवी चादर ठेव आणि दोघांनी उचलून सरकवा. टाचा उशीवर नकोत, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. माकडहाड आणि टाचा रोज आंघोळीच्या वेळी उजेडात बघ. लालसर डाग बोटानं दाबून सोडल्यावर पांढरा पडत नसेल, तर ती पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरुवात. तिथे तेल चोळायचं नाही, स्पिरिट लावायचं नाही, त्या बाजूला झोपवायचं नाही. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, म्हणून ती जागा गरम किंवा कडक लागते का, तेही हातानं बघ.

अचानक धाप लागली, छातीत दुखलं, किंवा पाय एकदम आखूड होऊन वळलेला दिसला तर उठवत बसू नकोस, १०८ ला फोन कर. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

मावशीला एक वही दे: पाणी, लघवी, पोट, बीपी, गोळ्या, किती पावलं चालली. रात्री नऊला मी फोन करीन तेव्हा त्यातलंच वाचून दाखव.

आणि हो, नोव्हेंबर आलाय. आजोबांच्या रेल्वेच्या फॅमिली पेन्शनसाठी आजीचा हयातीचा दाखला द्यायचा आहे. तिला बँकेत नेऊ नकोस. मोबाइलवर जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲप घे, चेहऱ्यावर समोरून उजेड पडेल असं तिला खिडकीकडे तोंड करून बसव. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि खात्याचा नंबर कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत.

तुझी,
आई