बाबांची पानं वाचवणाऱ्या भाईंना

प्रिय भाई,

तुम्ही येऊन गेल्याला आठ दिवस झाले, तरी आठवलं की घसा दाटतो. समोर धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

ज्या दुरुस्तीवाल्यांनी आमच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, जोडीला दुसरी आठ जीबीची पट्टी घालून दिली, त्यांनीच पुढे दोनदा विंडोज नव्यानं टाकलं. दोन्ही वेळा पैसे घेतले. तिसऱ्यांदा म्हणाले, मदरबोर्ड गेला. निळा स्क्रीन येतच राहिला. स्वतः बसवलेली पट्टी एकदा काढून बघावी, एवढंही त्यांना सुचू नये? याचा मला अजून राग आहे.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घराचे तीन जिने चढून तुम्ही आलात आणि आधी विचारलंत, "यात काय आहे, जे जाता कामा नये?" बाबा ८१ वर्षांचे, दिसत नाही, ते आठवणी सांगतात, मी टाइप करते. "पहेलां दादानुं काम बचावी लईए," म्हणालात. रॅम चुकत असेल तर कॉपीही बिघडू शकते, म्हणून नवी पट्टी काढून मगच फाइली उतरवल्यात.

दुसरा कुणी तेवढ्यावर उठला असता. तुम्ही बाबांची खुर्ची स्क्रीनजवळ ओढलीत, फाइल उघडलीत आणि अडखळत मराठी वाचायला लागलात. त्या पानात सुरसागर तलावाच्या काठावरची संध्याकाळ होती. 'चांदणं'मधला च बाबांनी दोनदा सुधारला, तुम्ही दोन्ही वेळा तो शब्द पुन्हा म्हणालात. मग विचारलंत, "दादा, एकही ओळ गेली नाही ना?" बाबांनी हात पुढे करून तुमचं मनगट चाचपलं आणि धरूनच ठेवलं.

दोन्ही पट्ट्यांवर प्रकार डीडीआर४, वेग ३२०० छापलेला. टायमिंग, म्हणजे उत्तर द्यायला लागणारे ठोके, मात्र एकीचं १६, दुसरीचं २२. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकेकटी निर्दोष, एकत्र लावल्या की चुकांच्या लाल ओळी. नवी रॅम विकायची सोय होती, तुम्ही ती विकली नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, रॅम जादा वेगानं चालवणारी एक्सएमपी सोय बंद करून वेग २६६६ वर आणलात. मग तपासणीच्या चार फेऱ्यांत एकही चूक नाही. माणूस सरळ असला की घरात आल्याआल्या जाणवतं, भाई.

बाबांनी काल खंडेराव मार्केटचं प्रकरण सुरू केलं. पूर्ण झालं की छापून तुमच्यासाठी एक प्रत काढते. न्यायला याल तेव्हा बाबांना थोडं वाचूनही दाखवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई