पाकिटात जाळ्याचा तुकडा ठेवला आहे

मालवण,
२ नोव्हेंबर

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा साडेसात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, एकदा मी आणि एकदा आईने. बातमीदारी सोडून मालवणला येते, पाण्याखालचे फोटो काढते, त्यातून समुद्राचं संवर्धन करते, असं त्यात तू म्हणतेस. फोनवर उत्तर द्यायला गेलो तर तू मध्येच बोलणार, मी चिडणार आणि आई फोन काढून घेणार. म्हणून पत्र लिहितोय. अक्षर लागलं नाही तर आईला फोन कर, तिला सवय आहे.

तू म्हणतेस, "बाबा, तुला समुद्राने बोलावलं, तसं मलाही बोलावतोय." मने, मला समुद्राने नव्हतं बोलावलं. मला ऑफिसने घालवलं होतं. २०१३ च्या दिवाळीआधी आम्हा चार फोटोग्राफरांना एकाच दुपारी आत बोलावून सांगितलं की एजन्सीचे फोटो स्वस्त पडतात, आणि आता वार्ताहराच्या खिशातही कॅमेरा असतो. कॅमेऱ्याची बॉडी ऑफिसची होती, ती जमा केली. दोन लेन्स माझ्या होत्या, त्या कापडी पिशवीत घालून नेहमीच्याच लोकलने घरी आलो. तू अकरा वर्षांची होतीस. तुला आम्ही "बाबाने नोकरी सोडली" असं सांगितलं. तेच इतक्यांदा सांगितलं की पुढे माझाही त्यावर विश्वास बसला. परवा कुठल्याशा कार्यक्रमात तू ती गोष्ट समुद्राच्या हाकेसकट सांगितलीस, टाळ्याही पडल्या म्हणे. आता त्या गोष्टीवर तू स्वतःची नोकरी सोडायला निघाली आहेस, तेव्हा गोष्ट दुरुस्त करणं भाग आहे.

मालवणला आलो तो घराची कौलं परतायला. राहिलो, कारण मुंबईत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन वाड्या पलीकडच्या ओळखीच्या एकाची होडी पर्यटकांना स्कुबाला न्यायची. तो म्हणाला, फोटो काढशील का? माझं पाण्याखालचं पहिलं काम हे. सुटीला आलेला माणूस, मागून त्याचं सिलिंडर धरलेला पोरगा, अंगठा आणि तर्जनीची गोल खूण, वीस मिनिटांत एक गिऱ्हाईक वर आणि दुसरं खाली. मासे चेहऱ्याभोवती जमावेत म्हणून पावाचा तुकडा सोडायचा. मीही सोडलाय पाव. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला मोकळं ठेवणारा मासा पावाला चटावला की काय होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की फोटोत निदान दहा मासे नसतील तर लोक पैसे देताना कुरकुरतात.

पुढे तारकर्लीला रीतसर डायव्हिंग शिकलो. पंचेचाळिसाव्या वर्षी, विशीतल्या पोरांबरोबर. पाण्याने पहिला धडा रंगाचा दिला. पाच-सहा मीटर खाली गेलं की लाल रंग नाहीसा होतो. पाणी तो गिळून टाकतं, मग नारिंगी जातो, मग पिवळा. एकदा बोट खडकावर कापलं आणि रक्त हिरवट काळं दिसलं, तेव्हा ते खरं पटलं. रंग हवा असेल तर दिवा स्वतःच न्यावा लागतो, आणि दिवा पोचावा तर जवळ जावं लागतं. बंदोबस्ताच्या दोरीमागून लांब लेन्सने फोटो काढणारा मी, इथे दोन फुटांवर जायला शिकलो. त्यात आपलं पाणी काही लक्षद्वीपचं नव्हे. खाड्यांचा गाळ, प्लवक, लाटेने उठलेली वाळू, सगळं त्यात असतं. समोरून फ्लॅश मारलास तर प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडतो. म्हणून दोन्ही फ्लॅश खेकड्याच्या नांग्यांसारखे बाजूला पसरून धरायचे. (२६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, मी कुर्ल्यात छातीभर पाण्यात कॅमेरा डोक्यावर धरून सहा तास चाललो होतो. थेंब लागू दिला नाही. दहा वर्षांनी तोच मी साडेतीन हजारांच्या काचेच्या भरवशावर कॅमेरा आपण होऊन बुडवत होतो.)

आणि एकदा तो बुडालाच. हाउसिंग म्हणजे कॅमेऱ्याची पाणबंद पेटी, तिच्या रबरी ओ-रिंगवर एक केस राहिला होता. एक केस, मने, तोही माझाच, पांढरा. बारा मीटरवर काचेच्या आतून बुडबुडा वर गेला आणि स्क्रीन विझली. त्या वर्षी आईने आंब्याच्या पैशांतून दुसरी बॉडी घेऊन दिली. तुला वाटतं तसे हे छंदाचे दिवस नव्हते.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही, ते. आपल्या ओटीवर ऑक्टोपसचा एक फोटो असायचा, आठवतो? दगडावर हात पसरून लाल झालेला. सगळ्यांना फार आवडायचा. तो ऑक्टोपस आपणहून बाहेर आला नव्हता. माझ्याबरोबरच्या पोराने त्याला काठीने ढोसून बिळातून काढलं होतं, आणि मी "थांब" म्हणालो नाही, फ्लॅश नीट करत राहिलो. वर्तमानपत्रात असताना "साहेब, हार परत एकदा घाला" असं म्हणणाऱ्यांना मी हसायचो. तिथे निदान साहेबाला कळत तरी होतं की फोटो चाललाय. तो फोटो मी उतरवला. खिळा अजून आहे. आई त्याला कॅलेंडर लावते.

बातमीचा फोटो कंटाळवाणा झाला, सगळं ठरवून केलेलं असतं, पाण्याखाली सगळं खरं असतं, असं तू म्हणतेस. म्हणून हे सांगितलं.

दुसरं, संवर्धनाचं. मला पहिली तीन वर्षं एकाही रापणीवाल्याने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, होडीत घेतलं नाही. अभयारण्याचा माणूस समजायचे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, एकोणतीस चौरस किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात. पण बंदरावर तो शब्द काढून बघ. इथल्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजाच्या, माणसाला वाटतं की हे आपल्याला विचारल्याशिवाय कागदावर आखलं, आणि आपल्या होडीकडे बोट दाखवणाऱ्यांना मोठं जाळं घेरून सगळी मासळी उचलणारा बाहेरचा पर्ससीनवाला दिसत नाही. त्यांचं सगळंच बरोबर असं मी म्हणत नाही. पण माझ्या गळ्यात कॅमेरा बघून त्यांनी तोंड फिरवलं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग मी कॅमेरा घरी ठेवून लिलावाला जायला लागलो. पहाटे टोपल्या उतरतात तिथे नुसतं उभं राहायचं. कुठला मासा कुठल्या खडकाकडून आला, कुठला कुठल्या जाळ्याला लागला, यंदा तारली मासळी का नाही, हे ऐकायचं. दीड वर्ष. पाण्याखाली काय शोधायचं ते मला तिथे कळलं, पुस्तकात नाही.

एका नारळी पौर्णिमेला शाळेच्या पडवीत माझे तीस-एक फोटो लावले. प्रवाळ, लायन फिश, समुद्रघोडा, मला अभिमान वाटणारे सगळे. लोक आले, "बरे असत" म्हणाले आणि पुढे गेले. गर्दी झाली ती एका कोपऱ्यात. तिथे निवतीकडे काढलेला फोटो होता. खडकावर अडकलेलं हिरव्या सुताचं जाळं, आत मेलेले खेकडे. एका म्हाताऱ्या तांडेलाने, होडीच्या म्होरक्याने, चष्मा वर करून गाठी बघितल्या आणि म्हणाला, "ह्यां आमचां जाळां न्हय." जाड सूत, विणही तशी, ट्रॉलरचं. सगळे बोलायला लागले, सगळ्यांना तेच हवं होतं. मला वाईट खोड, मी शेजारचा फोटो दाखवला. तिथे पांढरं, पातळ नायलॉनचं जाळं, त्यात एक मोरी, म्हणजे छोटा शार्क, तोंड उघडं. कुणी बोलेना. बराच वेळ. मग त्याच तांडेलाने, फोटोकडे न बघता म्हटलं, "ह्यां आमचांच."

त्या संध्याकाळी आणखी तीन जागा कळल्या, जिथे जाळी अडकून तुटतात. तुटलं तरी जाळं मासे मारायचं सोडत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्यांतल्या दोन जागा मोकळ्या केल्या. मी आणि दोन डायव्हर खाली, ते वर होडीत दोर ओढायला. त्याचे फोटो फारसे चांगले आले नाहीत, गाळ उठला होता.

पाण्याखालचे फोटो काढणाऱ्या ब्रायन स्केरीचा एक फोटो तू पाहिला असशील. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातात गिलनेटच्या जाळ्यात मेलेला थ्रेशर शार्क, दोन्ही पर आडवे पसरलेले, डोळा उघडा. तो फोटो २००७ मध्ये आला. तेव्हा तो पाहून मी पान उलटलं होतं. शाळेच्या पडवीत त्या मोरीसमोर उभा असताना मला तो परत दिसला.

आता एक मजा सांगतो. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्यात योजना आहे. जाळ्यात कासव, व्हेल शार्क, डॉल्फिन असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याची भरपाई, पंचवीस हजारांपर्यंत. पण पुरावा लागतो, फोटो नाहीतर व्हिडिओ. त्यामुळे आता खलाशाच्या हातात एकीकडे सुरी आणि दुसरीकडे मोबाइल. होडी हलतेय, बोटांवर खवलं, कॅमेऱ्यापुढे अर्धा अंगठा, मागून कुणीतरी ओरडतोय "शेपूट धर, शेपूट!", आणि एक कासव पाण्यात धपकन पडतं. फोकस नाही, चौकट नाही, क्षितिज तिरकं. आमच्या फोटो एडिटरने असले फोटो टोपलीत टाकले असते. पण त्यातून कासव जिवंत राहतं आणि माणसाचं जाळंही भरून निघतं. माझ्या कुठल्या फोटोने एवढं केलं असेल, शंका आहे. म्हणून मी हल्ली महिन्यातून एक दुपार होडीवरच्या पोरांना मोबाइल कसा धरायचा ते शिकवतो. आडवा धर, अंगठा काढ, आधी जाळ्यातला प्राणी घे, मग सोडताना, मध्ये बंद करू नकोस. इतकंच. माझ्या मते ते माझं इथलं सगळ्यात चांगलं काम आहे. आईच्या मते सगळ्यात चांगलं काम म्हणजे कौलं.

तुझ्याबद्दल. गेली तीन वर्षं तू कोस्टल रोड कव्हर करतेस. खांब, क्रेन, उद्घाटनं, ड्रोनचे फोटो. त्याच रस्त्याच्या वाटेत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ होतं, हे तू कधी छापलंस? २०२० मध्ये त्यातल्या १८ वसाहती उचलून कुलाब्याच्या नेव्ही नगरच्या बाजूला नेल्या, कारण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, वाघाच्या शेजारी. मुंबईच्या गढूळ पाण्यात, ओहोटीला गुडघाभर उरतं तिथे ते जगलं होतं. त्याला सिलिंडर लागत नाही, हाउसिंग लागत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक आणि जुने बूट लागतात. आणि वरळीच्या कोळीवाड्यात कुणाला तरी तुझं नाव ठाऊक असावं लागतं. आहे का? नसेल तर मालवणला येऊन तू त्यांच्याशी न बोलणारी होतीस तशीच इथल्यांशी न बोलणारी होशील, फक्त ओली.

ये म्हणतोय की नको म्हणतोय, असं विचारशील. ये. पण राजीनामा देऊन नको, रजा घेऊन ये. डिसेंबरात पाणी बरं असतं, आठ-दहा मीटर दिसतं, कधी जास्त. पहिले पाच दिवस लिलावात उभी राहा, कॅमेरा घरी. सहाव्या दिवशी तुला खाली नेतो. तिथे माझं ऐकायचं. हवेचा काटा बघत राहायचं, फोटोसाठी श्वास रोखायचा नाही, वर येताना आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. एका समुद्रघोड्याच्या नादात मी एकदा काटा लालमध्ये जाईपर्यंत खाली राहिलो होतो. हे आईला माहीत नाही, पत्र तिच्या हाती देऊ नकोस.

हाउसिंग आत्ता घेऊ नकोस. जाहिरातीत दाखवतात ते तर नकोच. माझं जुनं वापर. येताना ओ-रिंगच्या ग्रीसची छोटी ट्यूब तेवढी आण, इथली संपली. आणि केस बांधून ये.

पाकिटात जाळ्याचा एक तुकडा ठेवलाय. तीनदा धुतलाय, तरी वास येईल. सूत बघ, गाठ बघ, दोन बोटांत धरून ताणून बघ. कुठल्या जाळ्याचा आहे ते मी लिहीत नाही. बंदरावर पोचलीस की तांडेल तुला तेच विचारणार आहे.

तुझा,
बाबा